वारा सुटलाय, तरी पवनचक्की बंद का? (सातारा-सांगलीची पठारं)

येरळाकाठ
सडावाघापूरला उलटा धबधबा बघायला गर्दी लोटली की दरवर्षी तोच प्रश्न निघतो. वारा असा की दरीत पडणारं पाणी परत वर फेकतोय, आणि शेजारच्या दहा पवनचक्क्यांतल्या तीन ढिम्म. चाळकेवाडीला तेच, वनकुसवड्याला तेच, ढालगावच्या बाजूला तेच.

गावात याची तीन उत्तरं मिळतात. एक, 'कर वाचवायला उभ्या केल्यात, फिरल्या काय न फिरल्या काय'. दोन, 'वीज जास्त झाली की बंद करतात'. तीन, आमच्या खानापूर-आटपाडी पट्ट्यातलं लाडकं, 'पाऊस पळवून झाला की बंद करतात'.

जाणकारांनी नीट सांगावं. शिवाय एका चकरेत किती वीज होते? आणि आमच्याकडे आता नव्या उंच मशीनसाठी जागा बघत एजंट फिरतायत. माळाची जमीन द्यावी का, द्यायची तर काय बघून?

बांधावरून
तीन प्रश्न एका धाग्यात. प्रतिसादांचं शतक नक्की. मी चहा ठेवून येतो.

गिअरऑइल
आधी खालून बघून काय ओळखता येतं ते सांगतो.

नव्या मोठ्या मशीनची पाती मुळाशी फिरतात, त्याला पिच म्हणतात. वाऱ्याच्या बाजूने बघितल्यावर पात्याची रुंद बाजू दिसत असेल तर ते कामावर आहे. नुसती पातळ धार दिसत असेल तर मशीनने पाती मिटून घेतलीत. अशा अवस्थेत ते मिनिटाला एखाद-दुसरा फेरा सावकाश मारत राहतं. लोकांना वाटतं चालू आहे, पण तेव्हा एक युनिटही तयार होत नसतं.

जुन्या २२५-३५० किलोवॉटच्या बऱ्याच मशीनमध्ये पातं मुळाशी फिरत नाही, घट्ट बोल्ट केलेलं असतं. तिथे पात्याचं शेवटचं टोक तेवढं वेगळं असतं आणि ब्रेक लागला की ते आडवं वळतं. दुर्बिणीतून किंवा मोबाइलवर झूम करून ते टोक बाकीच्या पात्याशी काटकोनात दिसलं, तर समजा ब्रेक लागलाय.

आता कारणं. वारा साधारण साडेतीन मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी बारा-तेरा किलोमीटरच्या खाली असेल तर मशीन सुरूच होत नाही. २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या वर सरासरी टिकली तर ते स्वतःहून बंद होतं. मधे कधी कधी केबल उलगडायला थांबतं: वाऱ्याच्या दिशेप्रमाणे डोकं फिरत राहिल्याने आतल्या केबलला पीळ पडतो, दोन-तीन पीळ झाले की मशीन थांबून उलटं फिरून ते सोडवतं. याला फार वेळ लागत नाही.

अण्णा_मिरजकर
वारा जरा कमी झाला तर वीज जरा कमी, एवढंच ना? मग हिवाळ्यात सगळंच का झोपतं?

गिअरऑइल
अण्णा, 'जरा' नाही, तिथेच सगळी गोम आहे. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने बदलते. वेग अर्धा झाला तर शक्ती एक अष्टमांश.

८८ मीटर व्यासाचं, २.१ मेगावॉटचं मशीन घ्या. पाती जेवढं वर्तुळ झाडतात ते सुमारे ६०८० चौरस मीटर. १२ मीटरच्या वाऱ्यात त्या वर्तुळातून साधारण ५५०० किलोवॉट शक्ती वाहत असते. ६ मीटरला तीच ६९० किलोवॉट. ती सगळी काढता येत नाही. बेट्झच्या मर्यादेनुसार जास्तीत जास्त ५९.३ टक्के, प्रत्यक्षात ४० च्या आसपास धरा. म्हणजे ६ मीटरला हे २१०० किलोवॉटचं मशीन पावणेतीनशे किलोवॉट देतं. पूर्ण ताकद लागायला १३-१४ मीटर वारा हवा, आणि तो आपल्याकडे मुख्यतः जून ते ऑगस्ट.

वरच्या आकड्यांत हवेची घनता १.०५ धरली आहे. समुद्रसपाटीला ती १.२२५ असते, हजार-अकराशे मीटर उंचीच्या पठारावर हवा विरळ, म्हणून चौदा-पंधरा टक्के नुकसान तिथेच. विक्रीच्या कागदावर कंपनी जो आलेख दाखवते तो बहुतेक वेळा समुद्रसपाटीचा असतो.

चिकित्सक_काकू
चकरेचा हिशोब राहिला. २१०० किलोवॉट म्हणजे तासाला २१०० युनिट, मिनिटाला ३५. मिनिटाला १६ फेरे धरले तर पूर्ण भारावर एका फेऱ्याला २.२ युनिट. जुनं २२५ किलोवॉटचं मशीन मिनिटाला ४३ फेरे मारतं, त्याच्या एका फेऱ्याला जेमतेम ०.०९ युनिट. जोरात फिरणारं जास्त वीज करतं हा समज म्हणून सोडून द्या.

तीन_फेज
+१. ते सोळा फेरे संथ वाटतात, पण ८८ मीटर व्यासाच्या पात्याचं टोक तेव्हा ताशी २६५ किलोमीटरने जात असतं. जनरेटरला मात्र साधारण १५०० फेरे लागतात, म्हणून मधे एकास नव्वद-पंचाण्णवची गिअरपेटी. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये गिअरपेटीच नसते, तिथे जनरेटर मोठ्या व्यासाचा आणि डोकं फुगीर दिसतं.

बंद असण्याचं सगळ्यात नेहमीचं पावसाळी कारण अजून कुणी घेतलं नाही: लाइन. मशीन ६९० व्होल्टला वीज करतं, पायथ्याचा ट्रान्सफॉर्मर ती ३३ केव्हीला नेतो, आठ-दहा मशीन एका फीडरवर (सामायिक लाइनवर), तिथून उपकेंद्रात १३२ किंवा २२० केव्ही. पठारावर जून-जुलैत धुकं, चिंब इन्सुलेटर, तुटलेल्या फांद्या. फीडर ट्रिप झाला की सगळी रांग एकदम बंद.

'वारा आहे तर लाइन नसतानाही गावाला वीज द्या' असं लोक म्हणतात, पण ते होत नाही. या जनरेटरला चुंबकत्वासाठी लागणारी वीज ग्रीडकडूनच मिळते. शिवाय लाइन गेली की भार शून्य, मग पाती बेफाम सुटतील. म्हणून कंट्रोलर काही सेकंदांत पाती मिटतो. लाइन परत आल्यावरही व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी काही मिनिटं स्थिर राहिल्याशिवाय मशीन जोडलं जात नाही.

तर खूणगाठ अशी: सगळी रांग बंद असेल तर फीडर किंवा वादळी वारा. दहातल्या सुट्या तीन बंद असतील तर त्या मशीनचं स्वतःचं दुखणं.

माणदेशी_गडी
एवढं सगळं इंजिनीअरिंग ठीक आहे, पण पवनचक्क्या आल्यापासून आमच्याकडं पाऊस कमी झाला हे म्हातारी माणसं उगाच म्हणत नाहीत. ढग येतात आणि पुढं निघून जातात. डोळ्यांनी दिसतंय की लगा.

चिकित्सक_काकू
माणदेशी भाऊ, ढग पुढे निघून जातात हे खरंच आहे, पण पवनचक्कीच्या कित्येक शतकं आधीपासून. माण, आटपाडी, जत हा पर्जन्यछायेचा पट्टा. सह्याद्रीच्या कड्यावर चढताना ढग पाणी सांडतात आणि पलीकडे उतरताना हवा तापून कोरडी होते. म्हणून महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि माणदेशात पाचशेच्या आसपास. दुर्गादेवीचा दुष्काळ, १८७६ चा, १९७२ चा, यांतल्या एकाही वेळी पठारावर पातं नव्हतं.

दुसरं, पवनचक्की हवेतून गती काढते, बाष्प नाही. पात्यामागे वारा मंदावतो, पण व्यासाच्या दहा-पंधरा पट अंतरावर तो बराचसा सावरतो, म्हणजे एखाद-दीड किलोमीटरमध्ये. पाऊस देणारे ढग कित्येक किलोमीटर उंच वाढतात, जुन्या मशीनच्या पात्याचं टोक पठारापासून शंभर मीटरही नाही. आणि पाऊस पळवायचाच असता तर पहिला पळाला असता कोयना खोऱ्यातला. वनकुसवड्याच्या रांगा त्याच बाजूला आहेत, तरी नवजाला बहुतेक वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतोच.

माणदेशी_गडी
नवजाचं उदाहरण पटलं नाही पण उत्तर सुचत नाही. पुढं चालू द्या.

सरडाप्रेमी
पाऊस पळत नाही, पण शिकारी पक्षी पळतात, याची नोंद आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी चाळकेवाडीच्या पठारावरच अभ्यास केला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी. त्यामुळे गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असलेल्या सरड्यांची संख्या तिथे जास्त, त्यांच्यातली ताणाची पातळी कमी, आणि नरांचे रंगही फिके. हा सरडा, 'सारडा सुपर्बा', शास्त्रात नवी जात म्हणून २०१६ मध्ये नोंदला गेला तो याच पठारावरून.

म्हणजे पठार म्हणजे 'पडीक माळ' हे गृहीतच चुकतं. वीज हवी, मान्य. पण जांभ्याच्या सड्यावर (सपाट कातळावर) मशीनपेक्षा रस्त्यांनीच जास्त वाट लावली आहे. सड्यावरची माती बोटभर, ती एकदा खरवडली की परत धरत नाही.

दुपारचं_ऊन
आता सोलर इतकं स्वस्त झाल्यावर हे लोढणं कशाला? ना आवाज, ना गिअरपेटी, ना सरडे-घारी.

तीन_फेज
कारण सूर्य साडेसहाला घरी जातो आणि विजेची मागणी तेव्हाच चढते. पावसाळ्यात तर पॅनेल ढगाखाली असतात नेमके तेव्हा पठारावरचा वारा ऐन भरात असतो. दोन्ही एकाच उपकेंद्राला जोडले तर तीच लाइन दिवसा एकाला आणि रात्री-पावसाळ्यात दुसऱ्याला वापरता येते.

पवनऊर्जेची खरी अडचण वेगळी आहे. वर्षाच्या उत्पादनाचा साठ-सत्तर टक्के भाग मे अखेर ते सप्टेंबरमध्ये येतो. तेव्हा शेतीपंप बंद, मागणी कमी. आपल्याला वीज लागते ती मार्च-एप्रिलमध्ये, तेव्हा वारा मध्यम. म्हणून 'वीज जास्त झाली की बंद करतात' हे गावातलं उत्तर अगदीच खोटं नाही. लाइनवर ताण आला तर ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडून उत्पादन कमी करायची सूचना येऊ शकते. पण तेव्हाही सहसा गट बंद होतो, सुटं मशीन नाही.

जोडीला कोयना आहे हे आपलं नशीब. १९६० मेगावॉट, आणि काही मिनिटांत कमी-जास्त करता येणारं. वारा पडला की कोयना उचलते. पण कोयनेचं पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीच, ते जपून वापरावं लागतं. म्हणून वाऱ्याचा अंदाज आदल्या दिवशी द्यावा लागतो, दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडून.

चिकित्सक_काकू
फायद्याच्या बाजूने एक आकडा सांगलीकरांनी लक्षात ठेवावा: पाणी. कोळशाच्या वीज केंद्राला युनिटमागे तीन-साडेतीन लिटर पाणी लागतं, पवनचक्कीला जवळजवळ शून्य. २.१ मेगावॉटचं मशीन वर्षभरात सरासरी २० टक्के क्षमतेने चाललं तर सुमारे ३६.८ लाख युनिट. म्हणजे सव्वा कोटी लिटरच्या घरात पाणी आणि अडीच हजार टन कार्बन डायऑक्साइड वाचला. महिन्याला शंभर युनिट वापरणारी तीन हजार घरं धरा, अर्थात कागदावर. डिसेंबरात त्यातली बरीच अंधारात बसतील.

अण्णा_मिरजकर
विषयांतराबद्दल रागावू नका. मिरजेत गच्चीवर एक किलोवॉटची छोटी पवनचक्की लावली तर?

गिअरऑइल
नको. अडीच मीटर व्यासाचं मशीन, वर्तुळ ४.९ चौरस मीटर. शहरात गच्चीवर सरासरी वारा चार मीटर मिळाला तरी (मिळत नाही) वाऱ्यात १७० वॉट, हाती चाळीसेक. दिवसाला एक युनिट. शेजारच्या इमारतींमुळे वारा घुसळलेला येतो, त्याने बेअरिंग आणि पाती लवकर जातात, आणि कंप सगळ्या स्लॅबला. तेवढ्याच क्षमतेचं सोलर दिवसाला चार युनिट देईल.

दुपारचं_ऊन
बघा, शेवटी माझ्याच दारात आलात.

गिअरऑइल
गच्चीपुरतं. आता मूळ प्रश्नाकडे, नाहीतर येरळाकाठ भाऊ धागा बंद करतील.

सुटं मशीन ऐन जुलैत बंद, याचं मोठं कारण क्रेन. गिअरपेटीत सगळ्यात आधी जातं ते वेगवान शाफ्टचं बेअरिंग. तेलात धातूचा चुरा दिसायला लागतो, तापमान ८० च्या आसपास गेलं की मशीन ट्रिप होतं, थंड झालं की परत सुरू, परत ट्रिप. हे एप्रिलमध्ये पकडलं तर ठीक. जूनमध्ये पेटी पूर्ण गेली तर ती उतरवायला मोठी क्रेन लागते. क्रेन घाटातून वर चढवायची, ती उभी करायचा पॅड (सपाट चौथरा) पावसाने भुसभुशीत, आणि आठ-दहा मीटरच्या वर वारा असेल तर उचल करता येत नाही. जुलैत पठारावर त्याच्या खाली वारा येतच नाही. म्हणजे ज्या वाऱ्यासाठी मशीन उभं केलं तोच वारा दुरुस्ती होऊ देत नाही, आणि हंगाम गेल्यावर ऑक्टोबरात पेटी बदलते.

दुसरं, वीज पडणं. वळवात आणि परतीच्या पावसात. पात्याच्या टोकाला वीज झेलायला धातूचा तुकडा असतो, तिथून आतून तार, मग टॉवर, मग अर्थिंग. अर्थिंगचा रोध दहा ओहमच्या आत हवा, पण खाली जांभा आणि काळा कातळ, तो उन्हाळ्यात वाळला की आकडा चढतो. बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरून, लांब पट्ट्या पसरून तो खाली आणावा लागतो. फिरत्या भागातून स्थिर भागात वीज नेणारा ब्रश झिजला असेल तर तो झटका मुख्य बेअरिंगमधून जातो आणि त्याला बारीक खड्डे पडतात. हे लगेच कळत नाही, सहा महिन्यांनी आवाज येतो.

बांधावरून
क्रेनवाल्यांनी चाफळच्या रामाला नवस बोलावा.

सहकारी_हिशोब
कर वाचवण्याचं उत्तर अर्धं खरं आहे. नव्वदच्या दशकात पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा (मशीनची किंमत नफ्यातून वजा करून कर कमी करायची सवलत) मिळायचा, पुढे ८०, आणि एप्रिल २०१७ पासून ४०. त्यामुळे ज्यांचा विजेशी संबंध नाही अशा कितीतरी उद्योगांनी एकेक-दोन-दोन मशीन घेऊन ठेवली. पण वीज विकूनही पैसे मिळत होतेच. राज्य वीज नियामक आयोगाच्या २००३ च्या आदेशाने त्या काळच्या नव्या प्रकल्पांना पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये आणि दर वर्षी १५ पैसे वाढ, असं १३ वर्षं. म्हणजे तेराव्या वर्षी ५ रुपये ३० पैसे. वीज विक्रीचा करार संपल्यावर तो दर राहिला नाही. ३५० किलोवॉटच्या जुन्या मशीनला तिथून पुढे मोठी दुरुस्ती परवडत नाही. बनवणारी कंपनी बंद झाली असेल तर सुटे भागही नाहीत, मग शेजारच्या मेलेल्या मशीनचे काढून लावायचे.

यावर उपाय म्हणजे जुनी काढून त्याच जागी मोठी. केंद्राने त्यासाठी २०१६ मध्ये आणि सुधारून २०२३ मध्ये धोरण काढलं. साताऱ्यात अडतं ते मालकीत. एका मोठ्या मशीनच्या जागेसाठी चार-पाच छोटी काढायची, आणि पाचांचे मालक पाच. कुणाचा करार संपलाय, कुणाचा नाही.

येरळाकाठ
मग आमच्याकडे एजंट का फिरतायत? आमचा वारा तर पाटणच्या निम्म्यानेही नाही.

गिअरऑइल
टॉवरच्या उंचीमुळे. मोकळ्या माळावर ५० मीटरवरून १२० मीटरवर गेलात की वेग साधारण १३ टक्के वाढतो, घन केला की शक्ती ४५ टक्के. वर पाती लांब. कमी वाऱ्याची जागाही त्यामुळे हिशोबात बसते. शिवाय सपाट माळावर क्रेन बारा महिने येते.

बांधावरून
चहा झाला, आता जमिनीचं. (कुणी गंभीर लिहिलंच नाही म्हणून.)

पाया पंधरा-अठरा मीटर लांबी-रुंदीचा, पण एजंट तेवढंच बोलतो. क्रेन पॅड वेगळा, रस्ता वेगळा, पातं घेऊन येणाऱ्या ट्रेलरला वळण रुंद लागतं ते वेगळं, ३३ केव्हीचे खांब आणखी वेगळे. प्रत्येकाचं क्षेत्र सातबाऱ्यावरच्या गट नंबरसह करारात लिहून घ्या. 'आवश्यकतेनुसार रस्ता' असं एक वाक्य असेल तर ते आधी खोडा.

भाडेपट्टा नोंदणीकृतच करा. दरवर्षीची वाढ आकड्यात. ग्रामपंचायतीचा कर कोण भरणार ते लिहा. मशीन विकलं तर नवा मालक बांधील राहील हे लिहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुदत संपल्यावर किंवा सलग अमुक महिने बंद राहिल्यावर टॉवर उतरवून पाया जमिनीखाली किमान एक-दीड मीटरपर्यंत फोडून माती भरून द्यायची जबाबदारी, आणि त्यासाठी बँक हमी. तीन-चारशे घनमीटर काँक्रीट आहे, बैलाने नांगरून निघणार नाही.

अंतर: केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वस्तीपासून ५०० मीटर. सार्वजनिक रस्त्यापासून टॉवरची उंची अधिक पात्याच्या व्यासाचा अर्धा भाग अधिक ५ मीटर. १२० उंची आणि १२० व्यास असेल तर १८५ मीटर. एजंटला हे विचारा, चेहऱ्यावरून कळेल काम पाहिलंय की नुसती कमिशनची वही आहे.

सरडाप्रेमी
यात एक भर घाला: रस्त्याकडेच्या चरांचं पाणी कुणाच्या शेतात सोडणार. उतारावर पहिल्याच पावसात बांध फुटतो.

येरळाकाठ
दोन्ही उतरवून घेतलं. सडावाघापूरच्या फोटोवर झूम केलं. बंद असलेल्या तिन्ही जुन्या, छोट्या. तिन्हींच्या पात्यांची टोकं काटकोनात. एकीच्या डोक्याखाली टॉवरवर काळा ओघळ आहे, पार निम्म्यापर्यंत. तीही क्रेनची वाट बघतेय का?

गिअरऑइल
ती बहुधा नाही. त्या प्रकारात टोक आत ओढून धरतो तो हायड्रॉलिक तेलाचा दाब. दाब गेला की टोक आपोआप बाहेर फेकलं जाऊन आडवं होतं, म्हणजे बिघाड झाला तरी मशीन थांबण्याकडेच जातं. ओघळ आणि वळलेली टोकं एकत्र असतील तर पहिला संशय सील, होज किंवा पंपावर. त्याला क्रेन लागत नाही, दोन माणसं शिडीने चढून करतात. ओघळ ओला-चकाकता असेल तर गळती ताजी. त्यावर धूळ बसून मळकट झाला असेल तर ते मशीन मागच्या हंगामापासून तसंच आहे आणि मालकाने देखभालीचे पैसे थांबवलेत.

येरळाकाठ
मळकट.

सहकारी_हिशोब
मग करार संपलेल्यांपैकी असणार. बाकीच्या दोन ओघळाशिवाय बंद आहेत, त्यांचं पायथ्याचं पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मर जागेवर आहे का बघा. तांब्याची केबल चोरीला गेली तरी मशीन असंच दिसतं.

बांधावरून
येरळाकाठ, एजंटने कराराचा मसुदा दिला की नाव-गट नंबर खोडून इथे टाका. सहीआधी, नंतर नव्हे.